का ते ताईला विचारा

माळा आवरायला काढला की आवरणं राहतं बाजूला आणि माणूस तिथेच फतकल मारून बसतो. एक डबा उघडावा, त्यातून भलतंच काही निघावं, आणि दुपार कुठे गेली ते कळू नये. ताईचं त्या आठवड्यात असंच चाललं होतं. फक्त माळ्याच्या जागी प्रोग्रॅम होता.

प्रोग्रॅम शिवणकामाचा. अंगाची मापं घातली की तो कागदावर नमुने आखून देतो. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, गळा. कागद कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. फुकटात मिळतो. कुणीही घ्यावा, आतलं वाचावं, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. आज कुठकुठली माणसं त्यावर शर्ट नि कोट बेततात, पण मुळात तो दोन भावंडांनी एका बाईसाठी लिहिला होता. ती बाई म्हणजे त्यांची आई. घराच्या पुढच्या खोलीत आईचं शिलाईचं मशीन होतं आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, इस्त्रीच्या टेबलावर, जुना विकत घेतलेला कॉम्प्युटर. सकाळी धाकटा भाऊ त्यावर बसायचा, संध्याकाळी ताई. धाकट्याला ती ठोंब्या म्हणायची. तो काही ठोंब्या नव्हता. पण धाकट्या भावाला तोंडावर हुशार म्हणायची पद्धत कुठल्या घरात असते?

पाळ्या वेगळ्या, त्यामुळे कामाचं बोलणं व्हायचं ते प्रोग्रॅमच्या पोटातच. कॉमेंट म्हणून एक सोय असते. यंत्र ती ओळ न वाचता पुढे जातं. ती फक्त मागून येणाऱ्या माणसाने वाचायची. इथे असं का केलं, इथे हात लावू नका, वगैरे. या दोघांनी तिचा पार फळा करून टाकला होता.

आता प्रोग्रॅम सांभाळायला एक तरुण मुलगी होती. तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. ती आपल्या नावापुढे पक्ष्याचं चित्र लावायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. नव्या आवृत्तीच्या तोंडावर तिने ताईला लिहिलं, "ताई, कोड कितीदा बदलला, कॉमेंट जुन्याच राहिल्या. कोड एक सांगतो, कॉमेंट दुसरंच. नवी माणसं कॉमेंटवर भरवसा ठेवतात आणि तोंडघशी पडतात. जुनं तुम्हालाच माहीत. एवढं आवरून द्याल?"

ताई नुकतीच पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाली होती. वेळच वेळ होता. ती लगेच हो म्हणाली आणि आईच्याच खोलीत, आईच्याच खिडकीशी लॅपटॉप उघडून बसली. आणि मग काय, बसलीच.

"प्रिंटर तापला तर पंखा त्याच्याकडे करा. आईकडचा नको, ती ओरडते." तो प्रिंटर भंगारात जाऊन जमाना झाला. कॉमेंट काढली.

"हे तात्पुरतं आहे. पुढच्या आठवड्यात नीट करू." तो पुढचा आठवडा अजून यायचाय. ताईने लिहिलं, "हे कायमचं आहे."

"इथून पुढचं ठोंब्याने लिहिलंय. शर्टाला तीन बाह्या आल्या तर त्याला धरा." आणि लगेच खाली, त्याच्या हातचं, "बाह्या दोनच आहेत, मोजता येत नसेल तर ताईला विचारा, ती शहाणी." ही त्याची सवयच. कुठे अडलं, कुठे टोमणा मारायचा असला, की "ताईला विचारा". पानोपानी तेच. ताई एकटीच खुदकन हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले. डोळे पुसून तिने तीही कॉमेंट काढली. काम म्हणजे काम.

हसण्यात रडू कुठून आलं, ते सांगायला हवं. या बहीणभावांत बरीच वर्षं बोलणं नव्हतं. आणि भांडण तरी घरात करावं की नाही! आई गेली त्यानंतर काही महिन्यांनी ठोंब्याने प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर एक साधी सूचना केली होती. मेलिंग लिस्ट म्हणजे एकाने लिहिलं की झाडून सगळ्यांना जातं. तो म्हणाला होता, आईच्या सोयीसाठी केलेले काही भाग आता काढून टाकावेत. तो नोकरीसाठी लांब राहायचा, आईच्या शेवटच्या दुखण्यात यायला त्याला उशीर झाला होता, आणि ताईच्या मनात ते ठसठसत होतं. तिने तिथेच, सगळ्या जगासमोर, उत्तर ठोकलं, "आई होती तेव्हा तिच्याकडे नीट बघायला तुला सवड झाली नाही. आता तिच्या कामात नाक खुपसू नकोस."

त्याने उत्तर दिलं नाही. तिथे नाही आणि फोनवरही नाही. तो प्रकल्पातून जो गेला तो गेलाच. घरातली भांडी घरात वाजतात नि थांबतात. पण तिथे लिहिलेलं एक अक्षर पुसता येत नाही. कुणीही शोधावं, अजून सापडतं. ताईने स्वतः कितीदा तरी शोधून वाचलं होतं. आधी आपलंच बरोबर म्हणून, आणि पुढे पुढे नुसतंच.

तर आवरता आवरता ती पुढच्या भागांच्या फाइलीपाशी आली, आणि तिथे ही ओळ निघाली. "डावीकडे पाऊण इंच जादा माया. ही ओळ काढू नका. का ते ताईला विचारा."

माया म्हणजे शिवणीच्या आत दडवून ठेवतात ते जादा कापड, पुढे कपडा सैल करायला लागलं तर. ती दोन्हीकडे सारखी ठेवायची असते, हे काल सुई धरायला शिकलेल्यालाही कळतं. इथे मात्र डावीकडे उजवीपेक्षा पाऊण इंच जास्त. चिमणीचाही नेमका त्याच दिवशी निरोप आला, "ताई, ही एकच ओळ मला कळत नाही. कितीजणांनी तक्रार केली, डावी बाजू मोठी येते म्हणून. पण वर 'काढू नका' लिहिलंय, म्हणून आजवर कुणी हात लावला नाही. ताई म्हणजे तुम्हीच ना? मग का आहे ती?"

ताईने लिहिलं, "बघून सांगते." आणि खुर्चीत मागे टेकून बसली. कारण तिला शष्प आठवत नव्हतं.

तिने डोकं खाजवलं. आईचे शिवलेले दोन जुने कोट कपाटातून काढून टेपने मापले. डावी-उजवी एकसारखी, तसूभर फरक नाही. म्हणजे कागदावर जादा असलेलं कापड कपड्यात आलंच नव्हतं. गेलं कुठे मग?

"भावाला विचार की," दारातून नवरा म्हणाला. तो भूगोलाचा मास्तर. निवृत्त झाला तरी सगळ्यांना दिशा दाखवायची खोड गेली नव्हती.

"मला नाही विचारायचं."

"अगं, त्याचा नंबर बदललाय की तुझी जीभ अडलीय?"

"अहो, तुम्ही तुमचा चहा प्या ना गप."

"पितो. पण ओळ त्याने लिहिली आणि विचारायचं तुला, असं लिहिलंय. आणि तुला माहीत नाही. म्हणजे जगात ते एकालाच माहीत आहे, एवढं गणित मलासुद्धा येतं." असं म्हणून तो चहा घेऊन सटकला.

ताईला संताप आला. नवऱ्याचा, भावाचा, त्या ओळीचा. एवढी वर्षं लोकांनी माझ्या नावावर विश्वास ठेवून चूक सांभाळली आणि मी पुढे येऊन काय सांगणार, मला ठाऊक नाही? त्यापेक्षा ओळच काढावी. चूकच तर आहे. तिने कॉमेंट काढली, ओळ काढली, डावी-उजवी सारखी केली आणि बदल पाठवून दिला.

आता त्या प्रकल्पाचा एक नियम होता. प्रत्येक फाइलीला एक मालक नेमलेला. फाइलीत कुणी बदल सुचवला की मालकाला आपोआप निरोप जातो, आणि त्याने मंजूर केल्याशिवाय बदल आत घेत नाहीत. पुढच्या भागांच्या फाइलीचा मालक ठोंब्या होता. ताई हे विसरली म्हणावं, तर मालकांची ती यादी तिनेच केली होती. आणि भांडणानंतर त्याचं नाव त्यातून काढायला तिचाच हात धजावला नव्हता. तेव्हा विसरली की नाही ते तिचं तिला माहीत. आपण कशाला खोलात शिरा!

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून ती बसली, तर पडद्यावर उत्तर आलेलं. एवढ्या वर्षांनी भावाचा पहिला शब्द.

"नामंजूर."

खाली आणखी एक ओळ. "ताईला विचारलंस का?"

ताईने उठून फोन उचलला आणि नंबर फिरवला. नंबर तोच होता आणि पाठच होता.

"नामंजूर का?" तिने एकदम विचारलं. कसा आहेस नाही, काही नाही.

"कॉमेंट वाचलीस?" पलीकडून तोच आवाज, थोडा जाड झालेला.

"वाचली. ताईला विचारा म्हणे! अरे ठोंब्या, ताई मीच!"

"मग?"

"मग काय मग? मला माहीत नाही!"

पलीकडे तो हसला. लहानपणी हसायचा तसाच, नाकातून. "तुला माहीत नाही ते मला माहीत आहे. तुला कधी सांगितलंच नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतंस?"

"ताई, आईला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं."

ताई खिडकीशी उभी होती, ती खुर्चीवर बसली.

"मोतीबिंदू निघाला त्याच्या कितीतरी आधीपासून," तो म्हणाला. "ती कापायची सकाळच्या उजेडात, आणि सकाळी तिथे मी असायचो. आठवतं ना, ती कापड दुमडून कधी कापायची नाही. दुमडलेल्या कापडाच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणायची. एकेक बाजू सुटी कापायची. उजवीकडे कात्री रेघेवरून सुतात जायची आणि डावीकडे रेघ सोडून आत घुसायची. तिला पत्ताच नसायचा. मग एक कोट परत आला, डावीकडे आवळतो म्हणून. मग दुसरा आला. त्या दिवशी आई मशीनपाशी नुसती बसून राहिली. मला म्हणाली, माझा हात गेला रे. मला ते बघवलं नाही, ताई. म्हणून मी कागदावरच डावी बाजू वाढवून ठेवली. कात्री आत शिरली तरी कपडा बरोबर येईल एवढी."

"आणि आला?"

"आला की. दुसऱ्याच कोटाला ती म्हणाली, बघ, हात अजून शाबूत आहे."

ताईला ते वाक्य आठवत होतं. आई कोट हँगरला लावून, दोन पावलं मागे सरून, कंबरेवर हात ठेवून ते म्हणाली होती आणि ताईने मान वर न करता "हो गं आई" म्हटलं होतं.

"पण मी तर रोज संध्याकाळी तिच्या शेजारी असायचे," ती म्हणाली. "सुईत दोरासुद्धा मीच ओवून द्यायचे!"

"का ओवून द्यायचीस?"

"ती म्हणायची, संध्याकाळी उजेड कमी पडतो म्हणून..." आणि ताई बोलायची थांबली. खोलीत तेव्हा ट्यूबलाइट होती. डोक्यावर, चांगली लख्ख.



"मला का नाही सांगितलंस मेल्या?" तिचा आवाज चढला. "डोळ्यासारखी गोष्ट!"

"तू त्याच दुपारी दंडाला धरून तिला डॉक्टरकडे नेलं असतंस आणि वर कात्री काढून घेतली असतीस. ती खचली असती. माझं चुकलं असेल, नाही म्हणत नाही. पण पुढे मीच नेलं ना तिला, चष्मा करायचाय असं सांगून."

हेही खरं होतं. चष्म्यासाठी म्हणून दोघं गेली आणि मोतीबिंदू घेऊन परत आली. ताईला इतकी वर्षं वाटत होतं, योगायोग.

"बरं, मग त्यात माझं नाव कशाला घातलंस?"

"आई मागे उभी राहून पडद्यावरचं वाचायची, विसरलीस? खरं कारण लिहिणार कुठे? आणि काहीच लिहिलं नसतं तर संध्याकाळी तू ती ओळ चूक म्हणून उडवली असतीस. ताईला विचारा म्हटलं की तू ढुंकून बघायची नाहीस, नेहमीचा टोमणा म्हणून. आणि आईने विचारलंच, तर मला खोटं बोलता येत नाही. माझे कान लाल होतात. तुला येतं."

"हे बरं आहे!" ताई म्हणाली. आणि तेवढ्यात तिला आठवलं. चांगलं ढळढळीत आठवलं. हातात इस्त्री घेऊन आई मागे उभी. 'का गं, हे डावीकडे जास्त कशाला?' आणि पडद्यावरची नजर न हलवता, काडीचंही ठाऊक नसताना, ताईने ठोकून दिलं होतं. 'अगं, माणसं उजव्या हाताने ओझं उचलतात, त्याने डावी बाजू पुढे येते. सैल लागतं तिथे. पुस्तकात दिलंय.' कसलं पुस्तक नि कसलं काय! भावाने काहीतरी केलंय आणि आई त्याला बोलेल, एवढंच तिला कळलं होतं. आई 'असं होय' म्हणाली आणि इस्त्री करायला लागली.

"आईने मला विचारलं होतं," ताई हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. तिनेच सांगितलं. ऑपरेशन करून घरी येताना, डोळ्यावर पट्टी असताना. म्हणाली, तुझी ओळ मी वाचली होती, मला कळलं होतं तू काय केलंस ते. ताईला विचारलं, तर बया काय सफाईने खोटं बोलली! तिला बिचारीला काही पत्ता नव्हता, तरी तुझ्यावर पांघरूण घातलं. वर म्हणाली, ती ओळ राहू दे, मी तेवढं छाटत जाईन. म्हणून बाकीचं काढा म्हटलं, तरी या ओळीचं मी कधी म्हटलं नाही. आणि आई म्हणाली, मी गेल्यावर तुमच्या दोघांची मला काळजी नाही."

ताई रडली. पलीकडे तोही नाक ओढत होता. लहानपणापासून रुमाल म्हणून कधी खिशात नसायचाच त्याच्या.

"मी ते सगळ्यांसमोर लिहिलं," ती म्हणाली. "तू आईकडे बघितलं नाहीस म्हणून. आणि न बघणारी मीच होते रे."

"जाऊ दे."

"जाऊ दे कसं? ते अजून तिथेच आहे. कुणीही वाचावं."

"असू दे. मी काही रोज वाचत नाही."

म्हणजे वाचतो. ताईला ते बरोबर कळलं. त्याचे कान आत्ता लाल झाले असणार, फोनमधून दिसत नाही म्हणून काय झालं.

नंतर तिने चिमणीला सगळं लिहून कळवलं. चिमणी म्हणाली, "ताई, ओळ काढू नका. एका बाजूचं कमी दिसणारी माणसं आजही असतील आणि तीही शिवत असतील. ती आपण मागेल त्याला मिळेल अशी ठेवू, एरवी दोन्ही बाजू सारख्या. फक्त कॉमेंट खरी लिहा."

ताई लिहायला बसली. सरकारी कचेरीत जन्म गेला, कागदावर मोजकं लिहायची सवय. पण या चार ओळींना तिला अख्खी दुपार लागली. नवरा दोनदा डोकावून गेला आणि एकदाही दिशा न दाखवता परतला. शेवटी तिने लिहिलं,

"डावीकडे पाऊण इंच जादा माया. कापणाऱ्याला त्या बाजूचं कमी दिसत असेल तरच वापरा. ही ओळ ठोंब्याने आईसाठी लिहिली. आईच्या डोळ्याचं त्याने ओळखलं, त्याच खोलीत बसून ताईने ओळखलं नाही. त्याने आईकडे नीट पाहिलं नाही असं ताईने मेलिंग लिस्टवर लिहिलं होतं, ते चूक आहे. अधिक माहितीसाठी दोघांना विचारा."

तिने एकदा वाचलं आणि पाठवून दिलं. नियमाप्रमाणे निरोप फाइलीच्या मालकाकडे गेला. ताईने पदराने चष्मा पुसला, खिडकीतला उजेड मशीनच्या झाकणावर सरकला होता तो पाहिला, आणि पुन्हा पडद्याकडे वळली. उत्तर आलं होतं.

"बाकी सगळं मंजूर. फक्त 'ठोंब्या' काढ. जग वाचतं."

ताईने खाली एकच शब्द लिहिला, "नामंजूर", आणि फोन मांडीवर घेऊन बसली.